डोकं बंदच होत नाही, मग ध्यान कसलं? अनगोळच्या एका ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळची बॅच संपवून चहा घेऊन लिहायला बसलोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ताईंचं वय ३४, माहेर निपाणीकडचं, राहायला बेळगावात अनगोळला, एका सोसायटीत हिशोबाचं काम, दोन पोरं, घरात सासूबाई. तीन आठवडे झाले, रात्री अकराला सगळं आवरून अंथरुणावर पडायचं, कानात इयरफोन घालायचे आणि वीस मिनिटं गाइडेड मेडिटेशनचं ॲप लावायचं असं चाललंय. त्यातली बाई इंग्रजीत हळू आवाजात सांगते की विचार सोडून द्या, आणि ह्यांचं डोकं नेमकं तेव्हाच सुरू होतं. उद्याचा डबा, सासूबाईंची शुगरची गोळी संपत आली, ऑफिसात आलेलं कन्नड सर्क्युलर अजून नीट वाचलेलं नाही, मार्च एंड तोंडावर. एकतर चिडचिड होते नाहीतर पाचव्या मिनिटाला झोप. म्हणून विचारतायत की ॲप बदलू का, का माझ्याच डोक्यात काही बिघाड आहे, आणि रोज किती मिनिटं केलं म्हणजे मन शांत होतं? शेवटी एक बारकं पण विचारलंय, धाकटी मुलगी मध्येच येऊन मांडीवर बसते, तिचं काय करू.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये बारा वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर होतो, नाइट शिफ्टनं झोपेचं वाटोळं झालं, त्या नादात ह्या लाइनला लागलो, आणि आता सतराएक वर्षं टिळकवाडीत सकाळची बॅच घेतोय. बॅच निम्मी मराठी निम्मी कन्नड. भरपूर लोक येऊन गेले, त्यातले निम्मे महिन्याभरात गायब झाले हे पण खरंय, त्यामुळं माझ्याकडं जादू आहे असं समजू नका.

आता तुम्ही विचारताय ॲप कुठलं, पण तुमच्या लिहिण्यात मला अडचण दुसरीकडंच दिसते. तुम्ही त्या बाईचं ऐकताय खरं, पण त्याच वेळी आत एक सुपरवायझर उभा केलाय, आणि तो दर दहा सेकंदाला येऊन विचारतोय, झालं का शांत? अजून नाही? बाकीच्यांना जमतंय, तुलाच का जमत नाही? डब्याचा विचार आला ह्यात काही बिघाड नाही, दोन पोरांच्या आईला रात्री अकराला डब्याचा विचार येणार नाही तर काय येणार. चिडचिड होते ती ह्या सुपरवायझरमुळं.

ती जुनी गोष्ट माहीत असेल की तुम्हाला. वैद्य औषध देतो आणि म्हणतो, गुण नक्की येईल, फक्त घेताना माकडाची आठवण काढू नका. झालं, त्या माणसाला जन्मात कधी माकड आठवलं नव्हतं, आता वाटी तोंडाला लावली की माकड हजर. अमेरिकेत डॅनियल वेग्नर म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८७मध्ये हेच प्रयोग करून दाखवलं, फक्त माकडाच्या जागी पांढरं अस्वल होतं. लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा, घंट्या वाजतच राहिल्या. कारण एखादा विचार आला नाही ना हे तपासायला डोक्याला तोच विचार सारखा हातात धरून ठेवावा लागतो. तुमचा सुपरवायझर तेच करतोय.

दुसरं म्हणजे रिकामं बसलं की मेंदू बंद पडतो ही समजूत काढून टाका. हातात काम नसताना मेंदूतले काही ठरावीक भाग उलट जास्त चालतात, मागचं उगाळणं, पुढचं ठरवणं, कोण काय म्हणालं असलं सगळं तिथं चालतं. मार्कस रायकल ह्या शास्त्रज्ञानं २००१मध्ये त्याला डिफॉल्ट मोड असं नाव दिलं, म्हणजे मशीन न्यूट्रलला टाकली की आपोआप जी अवस्था येते ती. आणि हार्वर्डच्या दोघांनी २०१०मध्ये सव्वादोन हजार लोकांना फोनवरनं दिवसात कधीही अवचित विचारलं की आत्ता काय करताय आणि मन कुठंय, तर जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. ही साधी जागी, कामाधंद्यातली माणसं. त्यामुळं तुमचं डोकं काही वेगळं बनवलेलं नाही ताई.

मला हे कळायला किती वेळ लागला ते सांगतो म्हणजे तुम्हाला जरा बरं वाटेल. वीसेक वर्षांपूर्वी रजा टाकून इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या कोर्सला गेलो. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, बोलायचं नाही, कुणाच्या डोळ्यात डोळा घालून बघायचं सुद्धा नाही. तिथं सगळं मार्गदर्शन गोएंका गुरुजींच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात चालतं, म्हणजे बगा, तुमच्या ॲपच्या कितीतरी आधीपासनं लोक असं ऐकून ध्यान शिकतायत. गुरुजी ब्रह्मदेशातल्या मंडालेला जन्मलेले, व्यापारी माणूस, मायग्रेनला कंटाळून ध्यानाकडं वळले आणि १९६९पासून भारतात शिकवायला लागले. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, बाकी काही नाही. मी दुसऱ्या दिवशी काय केलं असेल? बिनपगारी रजेचे किती कापले जातील ते, सोसायटीचा हप्ता, भावाकडनं यायचे पैसे, पूर्ण ताळेबंद. तिसऱ्या दिवशी दुपारी आठ-दहा सेकंद खरंच काहीतरी थांबल्यासारखं झालं आणि लगेच आतनं आवाज आला, अरे वा, जमलं की रे! संपलं. परत सगळी जत्रा चालू. तेव्हा नुसता राग आला होता, पण पुढं बॅच घ्यायला लागल्यावर लक्षात आलं की हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला तुम्ही अडकला असालच. मालगाडी यायची असते, गेट पडतं, आणि तिथं दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एकजण गाडी बंद करून पाय टेकून उभा राहतो. दुसरा इंजिन चालूच ठेवतो, मध्ये मध्ये ॲक्सिलरेटर पिळतो, हॉर्न मारतो, गेटखालनं घुसायला येतंय का बघतो. मालगाडी दोघांना सारखीच, तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. पेट्रोल कुणाचं जळलं ते सांगायला नको. मी बॅचमध्ये आता लांब बोलतच नाही, इंजिन बंद एवढंच म्हणतो, लोकांना कळतं. डब्बे मोजायचे नाहीत, गाडी कुठनं कुठं चालली विचारायचं नाही, आणि मोजायला लागलाच तर, मोजायला लागलो होय, असू दे, म्हणून परत श्वासावर. हे परत येणं आहे ना, तेच खरं काम. वीस वेळा भरकटला आणि वीस वेळा परत आला तर तुमच्या वीस बैठका झाल्या, फेल झाला नाही तुम्ही.

आता त्या इंग्रजी बाईकडं येऊ, कारण तिथं मला खरंच बोलायचंय. आपण सीमाभागातली माणसं तीन-चार भाषांत जगतो. घरात मराठी, ऑफिसात आणि सरकारी कागदावर कन्नड, मोबाइलवर इंग्रजी हिंदी. आपल्याला सगळं कळतं, त्यामुळं आपल्याला वाटतं भाषेचा काही प्रश्न नाही. पण एक करून बगा, डोकं बडबडायला लागलं की ते कुठल्या भाषेत बडबडतंय ते पकडा. तुमची यादी, डबा, गोळी, मार्च एंड, सगळी मराठीत आहे, सर्क्युलरची काळजी पण मराठीतच केलीय तुम्ही. आणि त्यावर थांब म्हणून सांगणारा आवाज इंग्रजीतनं येतोय. तो आधी कानात जाणार, मग त्याचा अर्थ लागणार, मग तुम्ही विचार करणार की लेट गो म्हणजे नक्की काय सोडू. एवढ्यात पुढचं वाक्य आलं. म्हणजे निवांत पडल्या पडल्या तुम्ही भाषांतराचं काम करताय.

आपल्या घरात कोण कुणाला विचार सोडून दे म्हणतं? दूध उतू गेलं, पोरानं काच फोडली, आज्जी म्हणते असू दे की. मला विचाराल तर ध्यानाला ह्याच्याइतका चांगला शब्द नाही. माझ्या कन्नड लोकांना मी इरली बिडु म्हणतो, अर्थ तोच. एक धारवाडकडच्या बाई यायच्या, मराठी बरं बोलायच्या, पण दोन महिने झाले तरी म्हणायच्या काही होत नाही. मी श्वास बघा श्वास बघा म्हणायचो. एक दिवस सहज म्हटलं, उसिरु नोड्री. त्या दिवशी संपल्यावर पाच मिनिटं उठल्याच नाहीत. मी श्वास म्हटलं की त्यांना नाक-छातीचं शाळेतलं चित्र आठवायचं, उसिरु म्हटलं की त्यांना त्यांच्या आईचं काहीतरी आठवलं, काय ते मी विचारलं नाही.

त्यामुळं ॲप बदलू का ह्याचं उत्तर, बदला, पण दुसरं ॲप घेऊ नका, आवाज स्वतःचा वापरा. हसू नका, मी बऱ्याच जणांना हे करायला लावलंय. मोबाइलवर रेकॉर्डर असतोच. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं, त्यात बोलणं जेमतेम तीन मिनिटं आणि बाकी गप्प. साधारण असं बोलायचं, तुमच्या घरच्या भाषेत बदलून घ्या:

"बसलीस नव्हं नीट. पाय जमिनीला टेकलेत का बग. टेकलेत. फरशी गार लागते का कोमट, ते बग." इथं मनात वीस आकडे होईपर्यंत गप्प. "मांडीचा, कमरेचा भार खुर्चीवर पडलाय, पडू दे. खांदे वर चढलेत का? आपोआप खाली येतील ते, ओढू नको." परत वीस. "आता श्वास येतोय जातोय. लांब करू नको, खोल करू नको. नाकाशी कळतोय का पोटाशी, जिथं कळतोय तिथंच थांब." इथं मोठी गप्प, दोन मिनिटं तरी. "गेलीस वाटतं कुठंतरी. असू दे. आलीस ना परत. बस." परत दोन मिनिटं. "बाहेर काय ऐकू येतंय? गाडी, कुकर, कुणाची हाक. येऊ दे." परत दोन. "आता बोटं हलव, उघड डोळे सावकाश."

एवढंच. म्युझिक घालू नका, पाण्याचा आवाज नको, पक्षी नकोत. पक्षी पाहिजे असतील तर पहाटे गच्चीवर बसा, फुकट आहेत. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते, तीन दिवस वाटेल, मग जाते. त्यातूनही स्वतःचा आवाज नकोच वाटला तर बहिणीकडनं, आईकडनं करून घ्या. तयार रेकॉर्डिंगच घ्यायचं तर मी एकच गोष्ट बघतो, बोलणारा मध्ये गप्प बसतो का. बरेचजण सलग वीस मिनिटं बोलतात, समुद्रकिनारा, सोनेरी प्रकाश, तुमच्या हृदयात कमळ, अरे बाबा थांब की जरा. आणि यूट्यूबवरचं लावणार असाल तर मध्येच जाहिरात येते, दहा मिनिटं जमवलेलं सगळं एका लोनच्या जाहिरातीत जातं, डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडला टाका. रोज नवीन ऐकत जाऊ नका, एकच महिनाभर ठेवा. पुढं काय येणार हे पाठ झालं की कान ढिले पडतात, तेच तर पाहिजे.

किती मिनिटं? इथं मला माझा लेथ आठवतो. नवीन पोरगा मशीनवर आला की घाईनं एकाच कटमध्ये भरपूर मटेरियल काढायला बघतो. मग जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा, चॅटर मारायला लागतो, म्हणजे टूल थरथरतं, कर्रर्र आवाज येतो आणि जॉबवर लाटा लाटा उमटतात, फिनिश जातं. त्यावर उस्ताद टूल आणखी जोरात दाबा म्हणत नाही, कट कमी घे म्हणतो. तुम्ही पहिल्याच आठवड्यात वीस मिनिटं धरलीत, दिवसभराची दमणूक अंगावर असताना, रात्री अकराला. चॅटर येणारच. माझ्याकडं नवीन माणसाला मी पाच मिनिटं देतो, पंधरा दिवसांनी दहा, म्हणून तुमचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पण पहिले पंधरा दिवस अर्ध्यावरच थांबवा. अमेरिकेत जॉन कबट-झिन ह्यांनी १९७९मध्ये दवाखान्यातल्या पेशंटसाठी आठ आठवड्यांचा जो माइंडफुलनेसचा कोर्स काढला त्यात रोज ४५ मिनिटं सांगतात, चांगला कोर्स आहे तो, पण तिथं माणूस त्यासाठी नाव नोंदवून आलेला असतो. तुमच्या घरात ४५ मिनिटं मोकळी कुणाला मिळणार, मग त्यावरनं अपराधी वाटणार, ते एक नवीन ओझं.

वेळ पण बदला. रात्री अकराला आडवं पडून डोळे मिटले तर शरीराला एकच गोष्ट कळते, झोपायचंय. ती झोप येते त्यात चूक काहीच नाही, तुम्हाला झोप कमी पडतेय हेच ते सांगतंय. मी दोन वेगळ्या गोष्टी करायला सांगेन. बसायचं ध्यान सकाळी किंवा पोरं शाळेला गेल्यावर ऑफिसला निघायच्या आधी, खुर्चीवर, पाच मिनिटं. आणि रात्री पडल्यावर ते ॲप बंद, त्याच्याऐवजी योगनिद्रा. म्हणजे आडवं पडून एकेका अवयवावर लक्ष फिरवत जायचं, उजव्या हाताच्या अंगठ्यापासनं सुरू, मग पहिलं बोट, दुसरं बोट, तळवा, मनगट असं वर. मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी न्यास म्हणजे मंत्र म्हणत एकेका अवयवाला हात लावायचा जो जुना विधी, त्यातनं ही पद्धत बसवली. शिकवताना जागं राहा असं सांगतात, ते बरोबरच आहे, पण तुम्ही झोपायलाच पडलाय, तर डाव्या हातापर्यंत पोचायच्या आत झोपला तर आनंद आहे, कुणी मार्क कापत नाही.

पुढं जायच्या आधी आत्तापर्यंतचं एकदा: सुपरवायझरला रजा, भाषा घरची, आवाजात गप्प जागा भरपूर, कट बारीक, आणि बसायची वेळ वेगळी, झोपायची वेगळी.

शांतता पाहिजे म्हणून घर शांत पाहिजे असं पण काही नाही. वडगाव-शहापूर भागात पॉवरलूमवाल्यांच्या घरात कधी गेलाय का? बाहेरच्या खोलीत माग चालू असतो, खटक् खटक् खटक्, आपल्याला शेजारी बोलायला ओरडावं लागतं, आणि आतल्या खोलीत बारकं पोर पाळण्यात गाढ झोपलेलं असतं. माझ्या बॅचला एक वडगावच्या मावशी होत्या, त्यांनी सांगितलं, आमच्याकडं पोर कधी उठतं माहिताय का, लाइट गेली आणि माग थांबला की. आवाज थांबला की दचकून रडायला लागतं. मी हे ऐकल्यापासनं बॅचच्या हॉलच्या खिडक्या लावून घ्यायचं बंद केलं. जुलैत पत्र्यावर पाऊस लागतो, बेळगावचा पाऊस म्हणजे दिवस दिवस थांबत नाही, तेव्हा तर मी बोलतच नाही, पत्र्याकडं कान द्या म्हणतो आणि गप्प बसतो. तुमच्या घरातला कुकर, टीव्ही, सासूबाईंचं फोनवर मोठ्यानं बोलणं, हे सगळं मालगाडीत धरा.

श्वासाबद्दल एक कामाची गोष्ट. फार अस्वस्थ असाल, छातीत धडधड असेल, तेव्हा नुसतं बघत बसणं जड जातं. तेव्हा श्वास सोडणं लांब करा, घेणं नाही, सोडणं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, घेताना वाढतात, हे बहुतेक सगळ्यांत होतं, मनगटावर नाडी धरून बघितलं तर काहींना बोटाला कळतं सुद्धा. चार मोजेपर्यंत घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा, पाच मिनिटं. हे मिनिटाला सहा श्वास झाले, एरवी आपले बारा ते वीस असतात. इटलीतल्या डॉक्टरांनी २००१मध्ये एक गमतीशीर अभ्यास छापला होता, जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ओम मणि पद्मे हुम् म्हणताना लोकांचा श्वास कितीवर येतो ते मोजलं, दोन्हीत मिनिटाला साधारण सहावर आला. हे वाचल्यावर मी एकादशीला खानापूरकडच्या एका गावात भजनाला गेलो तेव्हा टाळकऱ्यांकडं मुद्दाम बघत बसलो. ओळ लांबवतात, दम पुरतो तिथपर्यंत ओढतात, मग टाळाच्या ठेक्यावर झटकन श्वास घेतात. सोडणं लांब, घेणं आखूड, न शिकवता. तर सासूबाई जर संध्याकाळी हरिपाठ म्हणत असतील तर त्यांच्याशेजारी बसून मोठ्यानं म्हणणं हे सुद्धा धरा ह्यात, आवाज काढून म्हणा मात्र, मनातल्या मनात नको.

आता ज्यावर मी ठाम बोलू शकत नाही, कारण ते तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. दिवसाला चहा किती? चहातलं कॅफिन निम्मं व्हायला पाच तास लागतात अंदाजे, संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला अजून निम्मा अंगात आहे. हा त्रास तीन आठवड्यांचा आहे का तीन वर्षांचा? वजन कमी होणं, हात थरथरणं, सारखं गरम होणं असलं काही असेल तर आधी थायरॉइडची रक्ततपासणी करा, थायरॉइड वाढलेला माणूस पद्मासन घालून बसला तरी स्वस्थ बसू शकत नाही. आणि तुमच्या यादीत खरी, सोडवता येण्यासारखी कामं किती आहेत? गोळी संपली ही काळजी नाही, ते काम आहे. एक वही उशाशी ठेवा, पडायच्या आधी तीन ओळी लिहा, गोळी आणणे, सर्क्युलर कुणाकडनं समजून घ्यायचं ते नाव, डबा काय. कन्नड सर्क्युलर हे तर मला माहिताय आपल्यात किती जणांना पोटात गोळा आणतं, विचारायला लाज वाटते म्हणून रात्री दोनपर्यंत जागणारे मी बघितलेत. शेजारच्या टेबलावरच्याला सरळ विचारा हो, तो दहा मिनिटांत सांगेल, ध्यानानं कन्नड येत नाही.

एक चूक माझ्याकडनं झालेली आहे, ती सांगतो. हायवेला अपघात होऊन बरा झालेला एक तरुण यायचा. मी शरीरावर लक्ष फिरवायला लावत होतो, पायापासनं वर. गुडघ्याशी आलो तसा त्याच्या कपाळावर घाम आला, श्वास भरभर चालायला लागला. मी काय म्हणालो, डोळे मिटूनच राहा, बघत राहा, जाईल. नाही गेलं ते. तो उठून गेला आणि परत आला नाही. दोन महिन्यांनी बाजारात भेटला तेव्हा कळलं की त्यानंतर दोन रात्री त्याला झोप नव्हती. तेव्हापासनं मी पहिल्या दिवशीच सांगतो, भीती वाटली, गुदमरलं, जुनं काही अंगावर आलं तर डोळे उघडायचे, उठायचं, पाणी प्यायचं, खिडकीतनं बाहेर बघायचं, मला विचारायचं पण नाही. डोळे उघडे ठेवून, समोरच्या भिंतीकडं बघत पण सगळं करता येतं. दुसऱ्या एका शिबिरात नवरा गेलेल्या बाईला तुमच्या मनात निगेटिव्ह भरलंय म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, ती बिचारी नंतर कुठंच जाईना. असलं कुणी बोललं तर चप्पल घालायची आणि बाहेर पडायचं.

आणि रडू थांबत नाही, पंधरा-वीस दिवस कशातच मन नाही, जगावंसं वाटत नाही, किंवा दुसऱ्यांना ऐकू न येणारे आवाज येतात, अशातलं काही असेल तर ध्यान बाजूला ठेवा, आधी डॉक्टर. १४४१६ ही टेलिमानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, फोन फुकट, चोवीस तास चालू, भाषा निवडता येते. धारवाडला डिमहान्स म्हणून मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, बेळगावहून सकाळी गेलं तर संध्याकाळी परत. तिथं जाणाऱ्याला वेडा म्हणायचे दिवस गेले, माझ्याच बॅचचे तिघेजण तिथली गोळी घेत सकाळी माझ्याकडं येऊन बसतात, दोन्ही चालतं, फक्त गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही.

फरक कधी दिसेल हे तुम्ही विचारलं नाही पण पुढं विचाराल. बसलेल्या पाच मिनिटांत बघायला जाऊ नका, तिथं सुपरवायझर परत येतो. दुसरीकडं बघा. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला पोरांवर खेकसायच्या आधी अर्धा क्षण मध्ये येतो का. ऑफिसात कुणी टाकून बोललं तर ते घरापर्यंत येतं का कपिलेश्वरच्या ब्रिजवरच राहतं. माझ्या बॅचमध्ये बहुतेकांना हे दीड-दोन महिन्यांनी जाणवतं, आणि गंमत म्हणजे स्वतःला नाही, आधी घरच्यांना जाणवतं. काहींना काहीच जाणवत नाही, त्यांना मी चालायला सांगतो, व्हॅक्सिन डेपोच्या झाडांत सकाळी अर्धा तास, पावलं मोजत, हेडफोन न घालता. प्रत्येकाला बसणं मानवतंच असं नाही.

राहिली धाकटी. मांडीवर येऊन बसते तर बसू दे. हाकलली तर तुमची पाच मिनिटं तिची समजूत घालण्यात जाणार आणि आई डोळे मिटून बसली म्हणजे आपल्याला जवळ घेत नाही एवढंच ती शिकणार. डोळे उघडू नका, तिच्या पाठीवर हात ठेवा. तळहाताखाली तिची पाठ वर-खाली होते, पोरांचा श्वास आपल्यापेक्षा भरभर चालतो, तुमच्या नाकाऐवजी त्या दिवशी तोच बघा. बहुतेक वेळा मिनिटभरात कंटाळून उठून जाते. नाही गेली आणि बोलायला लागली, आई हे काय, आई ते काय, तर त्या दिवसाचं तेवढंच, उठा आणि तिची वेणी घाला. आणि रेकॉर्डिंग करताना आवाज गोड काढू नका, सोसायटीत फोन उचलता तसा तर नकोच, तिला हाक मारता तसा असू दे.